मुक्त आज्ञावलीतील अमुक्त फाईली : मराठी फाँटच्या परवान्यांचा मागोवा

मराठी संगणकीकरणाच्या इतिहासात कळफलक आणि युनिकोड यांची चर्चा प्रामुख्याने होते. फाँटच्या फाईलबरोबर येणाऱ्या परवान्याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मुक्तस्रोत प्रणालीची आज्ञावली मुक्त असली, तरी तिच्यासोबत द्यावयाची फाँटची फाईल तशीच असेल असे नाही. प्रस्तुत लेखात या अडचणीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने होणारा घोटाळा खरे तर मराठीत व्हावयास नको. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. व्यवहारात तो झालाच. १९९७ मध्ये डेबियन प्रकल्पाने मुक्त आज्ञावलीचे निकष निश्चित केले. बदल करण्याची आणि बदललेली प्रत वाटण्याची मुभा ही त्यांतील मुख्य अट होय. जी फाईल या निकषांत बसत नाही, ती ‘नॉन-फ्री’ विभागात जाते व प्रणालीचा भाग मानली जात नाही. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून संकेतस्थळांसाठी मोफत दिलेले फाँट याच कारणाने बाहेर राहिले. ते मूळ स्वरूपातच वाटण्याची अट होती. त्यामुळे डेबियनने फाँट न देता, ते उतरवून घेणारी छोटी आज्ञावली तेवढी दिली.

मराठीच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण ‘मंगल’चे आहे. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला हा देवनागरी फाँट विंडोज २००० बरोबर आला. अक्षर मराठी कलावंताच्या हातचे असले, तरी फाईलचे हक्क कंपनीकडे होते. बोर्डीसारख्या गावातील महाविद्यालयाने मुक्त प्रणालीच्या तबकडीच्या प्रती काढून विद्यार्थ्यांना वाटल्या, तर ते पूर्णतः वैध ठरते. त्याच तबकडीत सोयीसाठी मंगलची फाईल घातली, की ते वाटप परवान्याबाहेर जाते.

येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे प्रमाण ठरविली. हिंदी वळणाचा फाँट मोफत मिळाला, पण त्यात बदलाची परवानगी नसेल, तर ही अक्षरे मराठी माणसाला दुरुस्त करता येत नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद दाखविणाऱ्या ‘र’बाबतही हेच म्हणता येईल.

इंडिकट्रान्स गटाचा ‘गार्गी’ हा फाँट जी.पी.एल. परवान्याखाली आला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅटने २००४ मध्ये त्याच परवान्याखाली खुले केले. (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीचे नाव पाहता योजना मार्मिक आहे.) परंतु जी.पी.एल. मुळात आज्ञावलीसाठी लिहिलेला. फाँट एखाद्या पीडीएफमध्ये अंतर्भूत झाल्यास त्या दस्तऐवजालाही जी.पी.एल. लागू होईल काय, अशी शंका उपस्थित झाली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यासाठी स्वतंत्र अपवाद सुचविला. पुढे २००७ मध्ये एस.आय.एल. ओपन फाँट लायसन्सची १.१ ही आवृत्ती आली. तीत दस्तऐवज स्पष्टपणे वगळलेले आहेत. फाँट सुटा विकता येत नाही, आज्ञावलीसोबत मात्र विकता येतो. २०११ मध्ये लोहितने हाच परवाना स्वीकारला.