डॉ. रुस्तम जाल वकील यांचे संशोधनलेखन आणि सर्पगंधेचा इतिहास

प्रास्ताविक

एखाद्या वनस्पतीच्या मुळीने उच्च रक्तदाबावरील उपचारांना वळण द्यावे आणि तिच्याच अभ्यासातून पुढे मेंदूतील रासायनिक संदेशवहनाचे विज्ञान आकाराला यावे, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात विरळच आढळतात. सर्पगंधा ही अशी एक वनस्पती होय. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांचे नाव तिच्याशी जोडले गेले, ते मुख्यतः १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सहा पृष्ठांच्या एका लेखामुळे.

लोकप्रिय लेखनात वकिलांनी सर्पगंधेचा 'शोध लावला' असे सर्रास म्हटले जाते. हे विधान टिकणारे नाही. त्यांच्या लेखाआधी अठरा वर्षे या औषधाविषयी भारतीय नियतकालिकांतून छापून येत होते. मग १९४९ च्या लेखाने नेमके काय केले, आणि जे आधी छापले गेले होते ते जगाच्या नजरेस का आले नाही, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संशोधकाची प्रकाशनसूची हे इतिहासाचे एक साधन मानून तिच्याकडे पाहिले, तर चरित्रग्रंथांतील गौरवपर परिच्छेदांपेक्षा अधिक माहिती मिळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९३१ : दोन शोधनिबंध

सर्पगंधेचा वापर लोकवैद्यकात जुना आहे. सर्पदंश, ताप, निद्रानाश अशा अनेक तक्रारींवर तिची मुळी दिली जात असे. बिहारमध्ये तर ती 'पागल की दवा' म्हणूनच ओळखली जाई. 'रौवोल्फिया' हे तिच्या प्रजातीचे नाव मात्र सोळाव्या शतकातील लेओनहार्ट राऊवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ अठराव्या शतकाच्या प्रारंभी ठेवण्यात आले. नामकरणाच्या इतिहासातही भारतीय मुळीच्या वाट्याला परके नाव यावे, हा योगायोग सूचक म्हणावा लागेल.

१९३१ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरते. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवरील एक नवे भारतीय औषध, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. सेन हे आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही शास्त्रांत पारंगत होते. मुळीचे चूर्ण २० ते ३० ग्रेन या प्रमाणात दिवसातून दोनदा दिले असता रुग्ण शांत होतो, त्याला झोप लागते आणि त्याचा रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नोंदविले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या दोन गुणांसाठी हे औषध जगभर गाजले, ते दोन्ही गुण या निबंधाच्या शीर्षकातच आले होते.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी केली. आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतील एकाला त्यांनी 'अजमलीन' हे नाव दिले. हा निबंध भारतीय रसायन परिषदेच्या नियतकालिकात आला. १९३३ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी अल्कलॉइडाच्या औषधी क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३४ मध्ये हिमालया कंपनीने मुळीपासून बनविलेली 'सर्पिना' ही गोळी बाजारात आणली, आणि वैद्यांच्या पुडीतील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येऊ लागले.

अठरा वर्षांचे अंतर

सेन-बोस यांचा निबंध दुर्लक्षित राहण्याचे कारण सामान्यतः असे सांगितले जाते की, तो अशा ठिकाणी छापला गेला जेथे लंडन-बोस्टनच्या तज्ज्ञांची दृष्टी पोहोचत नव्हती. यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. चोप्रा यांचा अभ्यास ज्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आला, ते शासकीय पाठबळ असलेले, परदेशांतील ग्रंथालयांत जाणारे प्रतिष्ठित नियतकालिक होते. तरीही तेथे कोणी सर्पगंधेची मुळी मागविल्याचे दिसत नाही.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. १९३० च्या दशकात उच्च रक्तदाब हा औषधाने उतरवावयाचा विकार आहे, हेच पुष्कळ नामवंत डॉक्टरांना मान्य नव्हते. कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराने केलेली ती एक तडजोड होय आणि तिला हात लावणे धोक्याचे, असा समज रूढ होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन पावले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला होता आणि त्यांच्या डॉक्टरांपाशी परिणामकारक असे औषध नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मज्जातंतू छेदण्याची मोठी शस्त्रक्रिया आणि केम्पनरचा भाताचा मिठाविना आहार हे त्यातल्या त्यात धीराचे उपाय मानले जात. ज्या प्रश्नाचे उत्तर सेन-बोस यांनी दिले होते, तो प्रश्नच १९३१ साली पश्चिमेत विचारला जात नव्हता. १९४९ साली तो तातडीने विचारला जात होता.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या प्रकाशनांना गुण जोडले. पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' सूची आली आणि २०२५ साली ती बंदही झाली. अशा कोणत्याही कोष्टकात सेन-बोस यांच्या निबंधाला किती गुण मिळाले असते, हे सांगण्याची गरज नाही. पण उलट बाजूही विसरता येत नाही. आपले लेखन स्थानिक म्हणूनच उपेक्षित राहिले, असे समाधान करून घेणारा संशोधक पुरावा अधिक भक्कम करण्याचे काम टाळीत तर नाही ना, हेही त्याला स्वतःस विचारावे लागेल. वकिलांचा लेख याच ठिकाणी वेगळा ठरतो.

१९४९ चा लेख

लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन परतलेले वकील मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न होते. सर्पगंधा त्यांना ग्रंथातून सापडली नाही. मुंबईतील आणि देशातील डॉक्टर ती वापरीतच होते आणि त्यांचा स्वतःचाही तिच्याशी अनेक वर्षांचा परिचय होता. लेख लिहिताना मात्र त्यांनी हा सैल अनुभव बाजूला ठेवून पन्नास रुग्ण निवडले, त्यांना मुळीच्या गोळ्या दिल्या आणि ठरावीक काळाने रक्तदाबाची मोजमापे नोंदविली. बहुसंख्य रुग्णांत रक्तदाब उतरल्याचे दिसले. त्याचबरोबर औषधाचे अनिष्ट परिणामही त्यांनी नमूद केले.

आजच्या अर्थाने ही यादृच्छिक चाचणी नव्हती. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीनची ब्रिटिश चाचणी आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, प्रसिद्ध झाली होती आणि त्या पद्धतीचा प्रसार व्हावयाचा होता. वकिलांच्या आकड्यांवर आजचा परीक्षक अनेक आक्षेप घेईल आणि ते योग्यच असतील. तथापि वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल असे काहीतरी त्या आकड्यांनी दिले. शिवाय १९३९ साली सुरू झालेले 'ब्रिटिश हार्ट जर्नल' हे हृद्रोगतज्ज्ञांचेच नियतकालिक होते. ज्यांच्या वाह्यरुग्ण विभागात रोज उच्च रक्तदाबाचे रुग्ण येत, नेमक्या त्यांच्या टेबलावर तो लेख पोहोचला.

परिणाम लवकर दिसला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हा लेख वाचून भारतातून गोळ्या मागविल्या. रक्तदाब उतरतोच, शिवाय रुग्ण गुंगीशिवाय शांत होतात, असे त्यांच्या ध्यानी आले. १९५२-५३ मध्ये त्यांचे लेख आले. मानसोपचाराच्या बाजूने नेथन क्लाइन यांनी १९५४ साली मनोरुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील, क्लाइन व इतर काही संशोधकांना मिळाला आणि १९५८ चा विल्किन्स यांना. भारत सरकारने १९५८ मध्ये वकिलांना पद्मभूषण दिले. सेन-बोस यांचे नाव या सन्मानांच्या यादीत नाही. मात्र वकिलांनी १९५५ साली 'सर्क्युलेशन' या अमेरिकन नियतकालिकात सर्पगंधेवरील वाङ्मयाचा जो आढावा लिहिला, त्याने भारतीय पूर्वसूरींच्या निबंधांचा माग जागतिक वाचकांसाठी खुला केला. त्यांच्या प्रकाशनसूचीतील हा लेख १९४९ च्या लेखाच्या सावलीत राहिला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तो अधिक मोलाचा वाटेल.

मुळीपासून रेणूपर्यंत

१९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतून 'रेसर्पीन' हे अल्कलॉइड वेगळे केले. १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण प्रसिद्ध केले. परंतु हा रेणू शरीरात काय करतो, याचा शोध अधिक दूरगामी ठरला. १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, रेसर्पीनमुळे शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिते होतात. त्याच प्रयोगशाळेत काम करून स्वीडनला परतलेले आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीनने निश्चल झालेल्या प्राण्यांना डोपा दिले. प्राणी पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन हा मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे, या विचाराला येथून बळ मिळाले, आणि पार्किन्सन विकारावरील उपचाराचा रस्ता खुला झाला. कार्लसन २००० सालच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.

मज्जातंतूच्या टोकाशी संदेशवाहक रसायने सूक्ष्म पुटिकांत भरून ठेवलेली असतात. ती पुटिकेत ओढून घेणारे एक वाहक प्रथिन असते. रेसर्पीन त्यालाच अडवून धरते. पुटिका रित्या राहतात, रक्तवाहिन्यांना आकुंचनाचा आदेश मिळत नाही, दाब उतरतो. मेंदूतही तेच घडत असल्याने मन शांत होते, आणि मात्रा अधिक झाल्यास खिन्नता येते. या प्रथिनाची जनुके १९९२ मध्ये वेगळी करण्यात आली. रेसर्पीन त्याला कसे चिकटते, याच्या त्रिमितीय प्रतिमा २०२३-२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. सेन-बोस यांनी एकाच शीर्षकात उन्माद आणि रक्तदाब यांची जोडी का लावली होती, याचे स्पष्टीकरण असे सहा दशकांनी रेणूच्या पातळीवर मिळाले.

उत्तरकाल

रक्तदाब उतरविल्याने जीव वाचतो, याचा निर्णायक पुरावा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १९६७ मध्ये आला. त्या चाचणीतील १४३ पुरुषांपैकी ज्यांना निष्क्रिय गोळी मिळाली त्यांच्यातील चौघे दगावले. औषध मिळालेल्यांपैकी एकही दगावला नाही. दिलेल्या तीन औषधांत रेसर्पीन एक होते. पुढे खिन्नतेच्या तक्रारींमुळे आणि नव्या औषधांच्या आगमनामुळे ते मागे पडले. १९७४ साली 'लॅन्सेट'मधील तीन अभ्यासांनी त्याचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी जोडला. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही, पण औषधाची पत परत आली नाही.

त्याच १९७४ मध्ये डॉ. वकील यांचे निधन झाले. त्यापूर्वीच त्यांचे लेखन सर्पगंधेच्या पलीकडे गेले होते. हृदयविकाराच्या झटक्याआधी मिळणाऱ्या पूर्वसूचनांवर त्यांनी १९६१ आणि १९६४ मध्ये अमेरिकन नियतकालिकांत लिहिले, आणि गोलवाला यांच्यासह रोगनिदानावरील जे पाठ्यपुस्तक सिद्ध केले, ते हाती घेऊन भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या रुग्णाच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या.