घोंगडीची बंडी: टाका कुठे आणि का

कणकुंबी सुमारे 792 मीटर उंचीवर, मलप्रभेच्या उगमापाशी आहे. खानापूर तालुक्याच्या या टोकाला पावसाळ्यात घोंगडी हवीच, पण तिची लोकर इथली नव्हे. इथल्या रानातले गवळी धनगर म्हशी पाळतात. मेंढीला सततची ओल सोसत नाही, तिचे खूर कुजतात. म्हणून दख्खनी मेंढ्यांचे कळप पूर्वेकडच्या कोरड्या माळावर, चिकोडी-रायबाग-अथणीकडे. घाटाला लोकर मिळते ती विणलेल्या कापडाच्या रूपात.

हे कापड अंगावर घ्यायची जुनी रीत म्हणजे खोळ. घोंगडीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की डोके, पाठ दोन्ही झाकतात. खोळीत कात्री लागत नाही, म्हणून काठ शाबूत राहतो. बंडी शिवायची तर कात्री लावावी लागते, आणि शिवणाऱ्याच्या सगळ्या अडचणी तिथून सुरू होतात.

कापडाचा स्वभाव आधी पाहू. मेरिनोचा तंतू साधारण 20 मायक्रॉन जाड. दख्खनी लोकरीचा त्याच्या दुपटीच्या घरात. तंतू 30 मायक्रॉनपलीकडे गेला की त्वचेला टोचतो, म्हणून गळ्याला आतून मऊ सुती पट्टी हवी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. ओल शोषताना थोडी ऊबही सोडते. घाटातल्या भुरभुर पावसात हा गुण सोन्यासारखा आहे. मात्र ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती पहिल्या पाण्यात उतरते आणि कापड आटते. म्हणून कापण्याआधी घोंगडी भिजवून सावलीत सपाट वाळवावी. हा दिवस वाचवला तर तयार बंडी बगलेत धरते.

कापताना वळणे टाळावीत. पाठ एक आयत, पुढचे दोन आयत, बाही हवी असल्यास तिच्या बगलेत चौबगला. गोल कापलेली कड उरेब पडते आणि लोंबते. शिवणीत कापड दुमडू नये; घडीवर घडी आली की खांद्यावर गाठोडे बसते. दोन कडा बोटभर एकमेकींवर ठेवून, दाभणात दुपदरी लोकरीचा दोरा ओवून, दोन्हीकडून शिवावे. अरुंद पट्ट्या हाताने जोडून केलेल्या घोंगड्या आपल्याकडे जुन्याच आहेत. सांधा उघडा ठेवून तो नीट शिवण्याची समज त्यांतच दिसते.

आता नक्षीचे टाके. माझे मत स्पष्ट आहे: घोंगडीवर टाका पडावा तो कापड जिथे दुबळे आहे तिथे. कापलेल्या काठाला काजटाका, कारण त्याचा प्रत्येक फेरा सुटू पाहणारे धागे आडवे बांधतो. फेऱ्याची खोली सेंटिमीटरभर, अंतरही तेवढेच; उथळ घातला तर ओढ बसताच काठासकट निघून येतो. सांध्यावर साखळी टाका, कारण त्याचे दुवे कापडाबरोबर ताणतात. नुसता धावदोरा ताणत नाही, आणि बाही वर उचलली की पहिला तोच तुटतो. हा टाका लाल किंवा पिवळ्या लोकरीने घातला की काळ्या घोंगडीवर तोच सांधा नक्षी म्हणून उठून दिसतो.

धारवाड-बेळगाव भागात भरतकाम म्हटले की कसुती आठवते. गवंती, मुरगी, नेगे, हेंथे हे तिचे टाके धागे मोजून, गाठ न मारता घालतात. इरकलीवर ते खुलतात. पण घोंगडीचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की धागा मोजायला दिसतच नाही. कसुती हवीच असेल तर ती गळ्याच्या सुती पट्टीवर करावी. घोंगडीवर ओढूनताणून केलेली मुरगी वेडीवाकडी पडते, आणि अशी कलाकुसर पाहून मला वाईट वाटते; दोन्ही कारागिरींचा त्यात मान राहत नाही.

बटणांपेक्षा बंद बरे. काजासाठी फाडलेली चीर दख्खनी लोकरीत रुंदावत जाते. बाराबंदीला लावतात तसे बंद काठाच्या आत दुहेरी टाक्यांनी पक्के केले की ओढ पसरते. आणि भिजलेली बंडी खुंटीला टांगू नये. पाण्याच्या भाराने खांदे उतरतात, साखळीचे दुवे लांबतात. चुलीपासून हातभर दूर, चटईवर पसरून ती वाळू द्यावी.