दहावीची तयारी : पाठांतरापेक्षा सराव महत्त्वाचा

अहिल्यानगर, प्रतिनिधी – दिवाळीची सुटी संपली, की घरोघरी दहावीच्या परीक्षेचे वारे वाहू लागतात. मार्चमध्ये सुरू होणारी ही परीक्षा अलीकडे थोडी अलीकडे सरकली असून, २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. त्यामुळे तयारीचे दिवस कमी झाले आहेत. अशा वेळी किती तास अभ्यास केला यापेक्षा तो कसा केला, याला अधिक महत्त्व आहे.

प्रश्नपत्रिकेचे गणित

अहिल्यानगर जिल्हा राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या पुणे विभागात येतो. सध्याच्या आराखड्यानुसार भाषा विषयाची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. गणित आणि विज्ञानाचे प्रत्येकी ४० गुणांचे दोन भाग असतात. भाषेच्या ८० गुणांसाठी तीन तास, तर ४० गुणांच्या पेपरसाठी दोन तास मिळतात. म्हणजेच भाषेत एका गुणामागे सव्वादोन मिनिटे, तर गणित-विज्ञानात तीन मिनिटे येतात. ‘मराठीला अभ्यास कशाला?’ असे म्हणणारे विद्यार्थी निबंधापर्यंत पोहोचताना घड्याळाकडे का पाहू लागतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. भाषेच्या कृतिपत्रिकेचा सराव घड्याळ लावूनच करावा.

२०२३ पासून पेपर संपताना दहा मिनिटे वाढवून दिली जातात. हा वेळ नवे उत्तर सुरू करण्यापेक्षा प्रश्नक्रमांक, राहिलेले उपप्रश्न आणि आकृत्यांची नावे तपासण्यासाठी राखून ठेवणे हिताचे ठरते.

वाचले, तरी आठवत का नाही?

एकच धडा चार वेळा वाचला, की तो ओळखीचा वाटू लागतो. मात्र ओळखीचे वाटणे आणि पुस्तक मिटून आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच मजकूर आठवला. परीक्षा पाच मिनिटांनंतर होत नाही, हे लक्षात घेता कोणता मार्ग धरावा, हे उघड आहे.

त्यासाठी धडा वाचून झाल्यावर वही मिटावी, मुद्दे कागदावर उतरवावेत आणि राहिलेले मुद्दे वेगळ्या रंगाने भरावेत. हाच भाग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा असाच तपासावा. संपूर्ण धडा रंगीत पेनाने अधोरेखित केल्याने अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, उपयोग मात्र बेताचाच होतो. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असल्याने महागड्या गाइडवाचून अडण्याचे कारण नाही.

रात्रभर जागरण करून शेवटच्या दिवशी अभ्यास उरकण्याचा मोहही टाळावा. किशोरवयात आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली जाते. वाचलेले स्मरणात पक्के होण्यास झोपेची मदत होते.

ऊसतोड कुटुंबांतील मुले

जिल्ह्यातील परीक्षेचे एक वास्तव शहरी पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून अनेक कुटुंबे गळीत हंगामात ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. हंगाम आणि दहावीचे वर्ष नेमके एकमेकांवर येतात. आईवडील कोपीवर आणि मुले गावी आजी-आजोबांजवळ, अशी स्थिती होते. अनेकदा थोरल्या मुलीवर भावंडांचा सांभाळ आणि स्वयंपाक येतो.

अशा विद्यार्थ्यांसाठी सहा तासांचे वेळापत्रक निरुपयोगी आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन-चार तुकडे पाडून प्रत्येकात एकच काम घ्यावे : एक प्रमेय, पाच गणिते किंवा एक पत्र. शाळेने सायंकाळी एखादी खोली उघडी ठेवली, तर मोठाच आधार होईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली आहे. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येते. मात्र अर्जाची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते.

कॉपीचा आडमार्ग

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षाही एक साधी गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. कॉपी करून दहावी ओलांडलेल्या मुलाला अकरावीत त्याच बीजगणिताशी पुन्हा गाठ घ्यावी लागते, तेव्हा मदतीला कोणी नसते.

नापास म्हणजे शेवट नव्हे

२०१९ मध्ये राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला होता, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा अनुत्तीर्ण झाला. २०१५ पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेतली जात असल्याने वर्ष वाचू शकते. एक-दोन विषय राहिल्यास एटीकेटीद्वारे अकरावीत प्रवेशाचीही सोय आहे.

याबाबतीत जिल्ह्यातच उत्तम उदाहरण आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या संत निळोबाराय विद्यालयाने अन्यत्र नापास झालेल्या मुलांना प्रवेशात प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. नामांकित शाळा टक्केवारी पाहून दार उघडतात, तेथे एका खेड्याने नापासाचा शिक्का हीच पात्रता ठरवली. शिस्त, नियमितपणा आणि विश्वास मिळाल्यास मागे पडलेला विद्यार्थीही उभा राहतो, ही त्यामागची भूमिका आहे.

पालकांनी शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना टाळावी. मूल गप्प राहू लागले, जेवण-झोप बिघडली, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास समुपदेशन मिळते. निकालाच्या दिवशी मुलाशी पहिला शब्द कोणता बोलायचा, याची तयारी पालकांनीही आतापासून करावी.