पोर्तुगीज जावई आणि रजिस्टरातली एक ओळ

वसईच्या किल्ल्यात पाहुण्यांना घेऊन गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, इथे दोनशे वर्षं पोर्तुगीज होते ना? मग तुम्हा वसईकरांना मिळतो का हो तो पोर्तुगीज पासपोर्ट?" गोव्याच्या लोकांना मिळतो हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. मग वसईला का नाही?

उत्तर एका वजाबाकीत आहे. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे मधे २२२ वर्षे. लिस्बनच्या नोंदणी कचेरीत अर्जाची साखळी सुरू करायला पोर्तुगीज राज्यात जन्मलेले आई, बाप, आजी किंवा आजोबा लागतात. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेली माणसे आजही हयात आहेत, त्यांची मुले-नातवंडे तर घरोघर आहेत. आमच्याकडे ती साखळी पेशव्यांच्या काळातच तुटली. चिमाजीअप्पांमुळे आमचा पासपोर्ट हुकला, असे मी गमतीने म्हणतो. काही जण हसतात, काही रागावतात.

पण हा विषय केवळ गोव्याचा राहिलेला नाही, मंडळी. वसईच्या मुली गोव्याच्या घरात दिल्या जातात, गोव्याची मुले इकडे जावई होतात. त्यामुळे ज्या घराचा लिस्बनशी काडीचा संबंध नाही, तिथलाही जावई एके दिवशी 'युरोपीय संघाचा नागरिक' होऊन बसतो. मुलगी मात्र भारतीयच. आणि मग नवरा-बायकोने एकत्र राहायचे कुठे, कोणत्या कचेरीच्या परवानगीने, हा प्रश्न सुरू होतो. नातेवाइकांत असे दोन-तीन संसार पाहिल्यावर मला त्यामागचा इतिहास लिहून ठेवावासा वाटला. शाळेच्या पुस्तकात गोवामुक्तीचा धडा असतो, पण मुक्तीनंतर माणसांच्या कागदांचे काय झाले ते नसते.

गंमत अशी की 'पोर्तुगीज' हा शिक्का एके काळी पुसून टाकायची धडपड होती. ब्रिटिश काळात मुंबईत रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या निघाल्या, तसे गोव्याचे ख्रिस्ती लोक तिकडे येऊ लागले. त्यांची आडनावे आणि मुंबई-साष्टी-वसईच्या मूळ ख्रिस्ती लोकांची आडनावे तीच: डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज. परंतु गोवेकर होते पोर्तुगालच्या राजाचे प्रजाजन आणि इथले लोक ब्रिटिशांचे. हा फरक साहेबाला कळावा म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन मुंबईत संघटना स्थापन झाली. पूर्व किनाऱ्याशी संबंध नसताना पश्चिम किनाऱ्याच्या लोकांना हे नाव कसे, असे पोरे वर्गात विचारत. त्याचे उत्तर नोकरीत आहे. त्या वेळी पोर्तुगीज समजले जाणे तोट्याचे होते.

पुढचा टप्पा १९५५ चा. मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला गोवेकरांचे 'कूड' असत. प्रत्येक गावाचा आपला क्लब, एका भिंतीला ओळीने पेट्या, एका कोपऱ्यात देव्हारा. खलाशी, आचारी, बँडवाले तिथे राहत, बायका-मुले गोव्यात. त्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने नाकेबंदी कडक केली, कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी गाडी बंद पडली आणि परवान्याशिवाय येणे-जाणे संपले. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, आणि मधे परवान्याचा कागद. तेव्हा युरोपीय संघ नव्हता, पण आजचे दुखणे तेव्हाचेच आहे.

गोवा भारतात आल्यावर मार्च १९६२ मध्ये केंद्र सरकारने गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश काढला. जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप वा आजी-आजोबा यांपैकी कोणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले, तो त्या तारखेपासून भारताचा नागरिक मानला गेला. ज्याला नको असेल त्याने एक महिन्याच्या आत लेखी कळवायचे. महिना म्हणजे काय हो! रेशनकार्डावरचे नाव बदलायला आपल्याला याहून जास्त वेळ लागतो. आणि निवड घराची नव्हे, माणसागणिक होती. नवऱ्याने एक ठरवले आणि बायकोने दुसरे, तर एकाच छपराखाली दोन देश.

ज्यांनी कळवले त्यांत फादर मोंतेरो हे गोव्याचेच रहिवासी असलेले धर्मगुरू होते. त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले. मग कायद्याप्रमाणे त्यांची परदेशी म्हणून नोंद झाली आणि १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याचा परवाना मिळाला. मुदत संपली, त्यांनी नवा परवाना मागितला नाही. देश सोडा असा हुकूम आला, तोही त्यांनी मानला नाही. परदेशी नागरिक कायद्याखाली खटला होऊन ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जिनिव्हा कराराप्रमाणे व्यापलेल्या प्रदेशातल्या रहिवाशाला बाहेर काढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २६ मार्च १९६९ च्या निकालात सांगितले की प्रदेश भारतात कायमचा सामील झाला तेव्हाच 'व्याप्त' अवस्था संपली. अपील फेटाळले गेले.

मी कट्टर गोवामुक्तीवाला. तरीही हा निकाल वाचताना त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावेसे वाटते. त्याने गाव सोडले नव्हते, घर बदलले नव्हते. राज्य बदलले आणि तो आपल्याच गावात मुदतीचा पाहुणा झाला. ते धर्मगुरू होते, एकटे होते. त्यांच्या जागी बायकोमुले असलेला माणूस घाला, म्हणजे परवान्याच्या त्या तारखेचे वजन कळेल.

पोर्तुगालने मात्र गोव्यावरचा हक्क लगेच सोडला नाही. तिकडे एप्रिल १९७४ ची क्रांती झाली, सालाझारची राजवट गेली आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने भारताचे सार्वभौमत्व मान्य झाले. पण जे आधीच पोर्तुगीज म्हणून जन्मले त्यांचा हक्क शिल्लक राहिला. गोव्यातल्या जन्मनोंदीची प्रत लिस्बनला चढवली की माणूस जन्मापासून पोर्तुगीज. सुरुवातीला कोणाला त्याचे फारसे अप्रूप नव्हते. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समूहात गेला, १९९३ मध्ये 'युरोपीय संघाचे नागरिकत्व' कायद्याने अस्तित्वात आले, आणि गावच्या जुन्या रजिस्टरातली एक ओळ सोन्याची झाली. त्या ओळीवर स्विंडन, साउथहॉल, लेस्टर इथे गोवेकरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पोर्तुगालमध्ये राहायला गेले ते थोडेच.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संघाचा नागरिक स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात कामाला गेला, तर त्याच्या भारतीय बायकोलाही सोबत राहण्याचा हक्क मिळतो. २००४ च्या युरोपीय निर्देशात हे लिहिलेले आहे. बायकोला पाच वर्षांचे निवासपत्र मिळते. उलट इंग्लंडमध्ये जन्मलेल्या इंग्रजाने भारतीय मुलीशी लग्न केले, तर २०१२ पासून त्याला वर्षाला किमान १८,६०० पौंडांची कमाई दाखवावी लागे. म्हणजे स्विंडनमध्ये गोव्याचा पोर्तुगीज आपली बायको सहज आणू शके आणि शेजारचा इंग्रज नाही! ही विसंगती सुरिंदर सिंग या भारतीय माणसाच्या खटल्यात आधीच पुढे आली होती. त्याची बायको ब्रिटिश. दोघे जर्मनीत नोकरी करून इंग्लंडला परतले. युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवले की परत आलेल्या नागरिकाच्या जोडीदाराला निदान दुसऱ्या देशात मिळाला असता तेवढा हक्क तरी मिळालाच पाहिजे.

हक्क आहे हे खरे, पण तो सिद्ध कागदाने होतो, आणि इथे आम्हा मास्तरांचा संबंध येतो. आमच्या पिढीतला निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला! पालक पोराला हाताला धरून आणत, सहा वर्षांचा दिसतो म्हणून तारीख पडे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर घरचे नाव, लग्नाच्या दाखल्यावर तिसरेच. डिसोझातला 'डि' जोडून की तोडून, यावरून नात्यातल्या एका मुलीचे निवासपत्र कित्येक महिने अडकले होते. शिवाय गोव्यात लग्नाची नोंद नागरी नोंदणी कचेरीत होते, तर वसईत चर्चमध्ये झालेले लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली. पोर्तुगीज नागरिकाचे हे लग्न लिस्बनच्या नोंदीत चढेपर्यंत तिथल्या कागदावर जावई अविवाहितच असतो.

त्यात ब्रेक्झिट आले. जून २०१६ च्या मतदानापर्यंत ब्रिटनमध्ये युरोपीय नागरिकाने नोंदणी करणे ऐच्छिक होते, त्यामुळे बहुतेकांनी केली नव्हती. मतदानानंतर कायम वास्तव्याच्या ८५ पानी अर्जासाठी झुंबड उडाली. मग सरकारने नवी सोपी योजना काढली आणि ३० जून २०२१ ही मुदत दिली. पाच वर्षे राहिल्याचा पुरावा असेल तर कायमचा दर्जा, नसेल तर तात्पुरता. खरी मेख जोडीदाराच्या अटीत होती. ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे नाते असेल तरच जोडीदाराला मागाहून येता येई. जानेवारी २०२१ मध्ये लग्न लागले, तर इंग्रजाला लागणारीच कमाईची अट लागू. ती एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड झाली. कोरोनामुळे त्या वर्षी किती लग्ने पुढे ढकलली गेली होती, आठवून पाहा.

काही जण कंटाळून परत येतात. सासर-माहेर दोन्ही इथे, मग गिरीजमध्ये राहावे म्हणतात. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेताच १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व गेलेले असते. जावई परदेशी ठरतो. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. फादर मोंतेरोंना लावलेला १९४६ चा कायदा २०२५ मध्ये रद्द होऊन नवा आला, पण परदेशी माणसाची नोंद काही सुटलेली नाही.

यावरचा उतारा म्हणजे ओसीआय कार्ड. गोव्याच्या मुलाला ते स्वतःच्या जुन्या भारतीय नागरिकत्वावर मिळते. भारतीय पासपोर्ट रीतसर परत केल्याचा कागद तेवढा सांभाळून ठेवलेला हवा. ज्याचे मूळ भारतात नाही अशा जोडीदाराला मात्र लग्नाची नोंद होऊन, संसाराची सलग दोन वर्षे भरल्यावरच अर्ज करता येतो, आणि लग्न मोडले तर कार्डही जाते. कार्ड हाती आले की नोंदणीची कटकट संपते. मत देता येत नाही. शेतजमीनही विकत घेता येत नाही, त्यामुळे केळीची वाडी घ्यायची असेल तर ती बायकोच्या नावावर, तीही ती शेतकरी खातेदार असेल तर. वारसाने आली तर ठेवता येते.