कमी खुणांत पूर्ण मजकूर

तारायंत्र हिंदुस्थानात आले ते प्रथम राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली १८५३ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून खांब रोवण्यास प्रारंभ झाला आणि १८५४ च्या मार्चमध्ये पहिला संदेश आग्र्याहून कलकत्त्यास पोचला. आग्र्याहून मुंबईकडे जाणारी तार ग्वाल्हेर व इंदूर या दोन मराठी दरबारांच्या मुलखांतून गेली. सांडणीस्वार आणि जासूद यांवर विसंबणाऱ्या शिंद्यांच्या राजधानीला दूरची वार्ता आता घटकाभरात कळू लागली.

या तारेचे मोल १८५७ साली कळून आले. गादीवर जयाजीराव शिंदे होते, दिवाणगिरीवर दिनकरराव राजवाडे. १४ जूनच्या रात्री मोरारच्या छावणीतील पलटणी उठल्या. उत्तर हिंदुस्थानात ठिकठिकाणी उठाव करणाऱ्यांनी तारा तोडल्या, कारण तारेवरून जाणारा चार शब्दांचा निरोप एखाद्या पलटणीइतकाच भारी ठरतो, हे त्यांनी ओळखले होते. अशा वेळी निरोप त्वरेने जावा, आणि त्यातले एक अक्षरही बदलू नये, या दोन्ही गोष्टी सारख्याच निकडीच्या होत्या.

ओशॉनेसी यांनी आरंभी स्वतःच्या घडणीची यंत्रे वापरली; पुढे मॉर्सची पद्धत रूढ झाली. तिचे मर्म असे की सर्व अक्षरांना सारख्या लांबीच्या खुणा द्यावयाच्या नाहीत. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर पदोपदी येते, म्हणून त्यास एकच बिंदू; ‘टी’ला एकच रेघ. क्वचित लागणाऱ्या ‘क्यू’ला मात्र तीन रेघा व एक बिंदू. घरातील नित्याची भांडी हाताशी आणि सणावारी लागणारी माळ्यावर, तसाच हा हिशेब.

परंतु या लिपीत एक उणीव होती. बिंदू म्हणजे ‘ई’, रेघ म्हणजे ‘टी’, आणि बिंदू-रेघ म्हणजे ‘ए’. मग बिंदूमागून रेघ ऐकू आली, तर तारमास्तरांनी एक अक्षर समजावे की दोन? म्हणून दोन अक्षरांच्या मध्ये तीन बिंदूंइतका विराम ठेवावा लागे. वाचलेला वेळ काही अंशी या विरामातच खर्च होई.

या कोड्याचे उत्तर १९५१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयात डेव्हिड हफमन या विद्यार्थ्यास सापडले. रॉबर्ट फॅनो या अध्यापकांनी परीक्षेऐवजी हा प्रश्न लिहून देण्याची मुभा दिली होती. स्वतः फॅनो व क्लॉड शॅनन यांनाही तो पूर्णपणे सुटला नव्हता. ते वरून खाली विभागणी करीत. हफमनने खालून आरंभ केला. सर्वांत कमी येणारी दोन अक्षरे एकत्र बांधावी, त्या जोडीस एक अक्षर मानावे, आणि अखेरपर्यंत हेच करीत जावे. त्याचा निबंध १९५२ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला.

उदाहरणार्थ, आठ अक्षरांच्या मजकुरात ‘र’ चार वेळा, ‘क’ दोनदा, ‘त’ व ‘म’ एकेकदा आले. प्रत्येकास दोन अंक दिले तर सोळा अंक लागतात. ‘र’ला ०, ‘क’ला १०, ‘त’ला ११० व ‘म’ला १११ दिले तर चौदात भागते. शिवाय कोणतीही खूण दुसऱ्या खुणेचा आरंभ होत नाही. म्हणून ०१०११० असे सलग लिहिले तरी ‘र-क-त’ याखेरीज दुसरे वाचन संभवत नाही. विरामाची गरजच उरत नाही. या खुणांतील शून्याचा एक जुना कोरीव दाखला ग्वाल्हेरच्याच किल्ल्यावर, चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात, आजही पाहावयास मिळतो.

तार पाठविणारेही काटकसर करीत, पण ती निराळी. पैसे शब्दांवर मोजले जात, म्हणून ‘वडील अत्यवस्थ, त्वरित निघा’ एवढ्यावरच मजकूर थांबे. काय झाले, केव्हा झाले, हे गाळले जाई, आणि वाचणाऱ्याचा जीव वाटभर टांगणीला लागे. हफमनच्या रीतीत काहीच गाळले जात नाही. आटोपशीर झालेला मजकूर उलगडला की मूळ अक्षर न् अक्षर परत मिळते.

२०१३ च्या जुलैमध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. कडकट्ट थांबले, परंतु संगणकातील बांधीव फाइली आणि दूरध्वनीवरून धाडलेली छायाचित्रे यांत हफमनची रीत आजही राबते आहे. थोडक्यात सांगणे पुष्कळांना साधते. थोडक्यात सांगूनही काही न गाळणे, ही विद्या मात्र मोजणीतून आली.