काखेखालची वाट

डॉक्टर मॅडमनी कागदावर बाईची पाठ काढली आहे. खांद्याच्या पात्याखाली एक लांबट पान, आणि त्या पानापासून काखेखालून पुढे छातीकडे वळलेला बाण. डावं स्तन काढायचं आणि त्याच भुलीत पाठीवरची ही कातडी, खालच्या पसरट स्नायूसकट, काखेखालून फिरवून समोर आणायची. काखेतलं टोक मात्र तोडायचं नाही, कारण रक्त तिथूनच येतं. "तुमचंच मांस, तुमचीच कातडी," मॅडम म्हणतात. तुम्ही मान हलवता. नागपूरहून यवतमाळची एसटी जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलसमोरून पुढे जाते तरी तुमच्या डोक्यात एकच घोळत असतं: कापून उचललेली कातडी दुसऱ्या जागी जगते कशी?

बुटीबोरी आली की उतरा. तिथून सरळ पुण्यात चला, 1793 सालच्या सुमाराला.

सवाई माधवरावांची पेशवाई आहे. तुमच्यासमोर जमिनीवर उताणा पडलेला माणूस इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकत होता. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती लागला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. इंग्रजांनी त्याचं नाव कावसजी असं लिहून ठेवलं आहे. वर्षभर तो नाकाशिवाय वावरला. त्याच्या उशाशी बसलेला माणूस वैद्य नाही, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला आहे. भूल नाही, ईथर यायला अजून पन्नास वर्षं आहेत. तुम्ही जरा जवळ सरका आणि त्याचे हात बघा. मेणाचा पातळ पापुद्रा तो नाकाच्या खुंटावर बसवून बघतो, मग तो सपाट करून कपाळावर ठेवतो आणि कडेने रेघ मारतो. तेवढी कातडी सोलून खाली आणतो. दोन भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र तशीच राहू देतो. त्या पट्टीतून रक्त खाली उतरत राहतं. कातडीला पीळ देऊन ती नाकाच्या जागी बसवली जाते, आणि वर काथ. हो, पानातला काथ, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला, एकावर एक पाच-सहा थर. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या. भुवयांमधला तो दुवा तोडायचा तो पंचविसाव्या दिवसाच्या आसपास, नवं नाक आपल्या नव्या जागेवरून रक्त घ्यायला लागलं की.

ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये चित्रासह छापून आली. वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये तीच रीत वापरून नाक उभं केलं. आजची प्लास्टिक सर्जरी ज्या काही दारांतून आत आली, त्यातलं एक पुण्यातलं आहे, हे आपल्या बायांना कुणीतरी सांगायला हवं. प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट्यांची हौस, असं ज्या घरात बोललं जातं तिथे तर नक्कीच. एक टोक जिवंत ठेवून कातडी फिरवायची, हे तत्त्व तुमच्या कागदावरच्या बाणातही आहे. 1906 साली इटलीत इजिनिओ तान्सिनी यांनी पाठीचा हाच स्नायू छातीवर आणून दाखवला होता. पण त्या काळावर अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड यांच्या मताचा पगडा होता: स्तन आणि त्याखालचे स्नायू खरवडून काढा, आणि ती जागा झाकण्याच्या फंदात पडू नका, नाहीतर परतलेला आजार दिसणार नाही. पाठीची रीत मागे पडली आणि 1970च्या दशकात पुन्हा वर आली. पुनर्रचनेने कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढत नाही, हे आता नीट तपासून झालं आहे.

कातडी जगते, हे बघून झालं. पण नंतरचं काय? हात वर जाईल का, कूस बदलता येईल का, ब्लाऊज कसं घालायचं, नवऱ्यासमोर कसं जायचं, हे डॉक्टरांच्या कागदावर नसतं.

1952, न्यूयॉर्क. टेरेसी लासर नावाची बाई स्तन काढल्यावर हेच प्रश्न विचारत होती आणि तिला उत्तरं मिळाली नाहीत. मग तीच दुसऱ्या बायांच्या खाटांशी जाऊ लागली. पिशवीत रबरी चेंडू, दोरी आणि ब्लाऊजमध्ये घालायला तात्पुरतं कृत्रिम स्तन. चेंडू दाबायचा, दोरी ओढायची, बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढायचं. डॉक्टरांना ते खपलं नाही; काहींनी तिला वॉर्डात फिरायला मनाई केली. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचं काम आपलंसं केलं ते 1969 मध्ये. तिथे फार रेंगाळू नका. तुमच्यासाठी त्याहून जवळची जागा आहे.

जानेवारी 1994. यवतमाळ स्टेशन. शकुंतला नावाची आगगाडी फलाटावर धूर सोडत उभी आहे. मँचेस्टरला 1921 साली घडलेलं तिचं वाफेचं इंजिन एप्रिलमध्ये निघणार आणि डिझेलचं येणार. वाफेवर जायची ही शेवटची थंडी. एकशे तेरा किलोमीटरला अर्धा दिवस. दारव्हा, कारंजा, आणि दोन्ही बाजूंना फुटलेल्या बोंडांची पांढरी रानं. शेजारी जाऊबाई, मांडीवर भाकरीचं गाठोडं, पिशवीत रिपोर्ट. मूर्तिजापूरला उतरून मुंबईची मोठी गाडी, आणि पहाटे दादर.

परळचं टाटा हॉस्पिटल 1941 पासून उभं आहे आणि मराठी मुलखातल्या खेड्याखेड्यांतून माणसं तिथे येतात. राहायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. शेंडगावचा, म्हणजे तुमच्याच वऱ्हाडातला हा माणूस खराटा घेऊन गावं झाडत फिरला आणि जिथे गरिबाला मुक्काम लागतो तिथे धर्मशाळा उभारत गेला. त्यांच्यामागे त्यांच्या माणसांनी ते चालू ठेवलं. दादरची ही जागा टाटाच्या पेशंटांनी भरलेली असते. महिना, दोन महिने, रेडिएशनच्या तारखा संपेपर्यंत.

संध्याकाळी सातची वेळ. जेवणं आटोपली आहेत. जळगावकडची एक बाई दोन खाटांमध्ये लुगडं आडवं बांधते आणि तुम्हाला आत बोलावते. ब्लाऊजची बटणं काढून ती तुम्हाला आपली छाती दाखवते. उजवीकडे बरगड्यांवर तिरपी शिवण, काखेकडे किंचित ओढलेली. रक्त नाही, खड्डा नाही, काही भयंकर नाही. मग ती ब्लाऊजच्या आतला खिसा उलटा करून एक पुरचुंडी बाहेर काढते. जुन्या मऊ धोतराची, वर कापूस आणि मधोमध मूठभर बाजरी. वजन लागतं, ती सांगते. नुसत्या कापसाने ब्लाऊज वर सरकतं आणि चालताना एक खांदा उचलला जातो. सांगलीकडची म्हातारी हात कानापर्यंत नेऊन दाखवते, एक महिन्यापूर्वी खांद्याच्या वर जात नव्हता म्हणते. तुम्हाला दवाखान्यात कुणी न सांगितलेल्या गोष्टी त्या लुगड्याआड समजतात.

त्याच वर्षी मुंबईत, कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता 'व्ही केअर फाउंडेशन' सुरू करतात आणि आजारातून गेलेलीच माणसं नव्या रुग्णांशी बोलायला जाऊ लागतात. धर्मशाळेतल्या त्या बायांना संस्था हा शब्दही नको होता. पण त्यांच्यापैकी बहुतेकींना पुनर्रचना असं काही असतं हेही कुणी सांगितलं नव्हतं. याचा मला राग येतो, आणि आजही येतो. खेड्यातली बाई, पन्नाशीची, पोरं मोठी झालेली. तिला काय करायचं आहे, असं ठरवून टाकणारे आपण कोण? तिने नको म्हणावं, पण आधी तिला विचारावं तरी.

आता परत या. शकुंतला बंद पडली आहे. तुमच्या हातात फोन आहे आणि पलीकडे दारव्ह्याकडची एक बाई, जिचं हेच ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालं. नंबर ब्रेस्ट क्लिनिकच्या सिस्टरने तिला विचारून दिला.

"खर्रा खात असशीन तं आजच बंद कर माय," ती पहिलं वाक्य हेच बोलते. "मीबी गुडाखू घासो. डॉक्टरनं सांगतलं, तंबाखूनं बारीक नसा आकसते, मंग आणलेली कातडी काळी पडते." शुगर ताब्यात ठेवजो. समोरून बटणं असलेले दोन गाऊन नेजो, डोक्यावरून घालायचं काही नोको. खांद्याचा व्यायाम आतापासूनच कर. आणि एक लहान उशी. पाठीवर टाके, छातीवर टाके, झोपायचं कसं? उजव्या कुशीवर, उशी डाव्या हाताखाली. पैशाचं विचारता तेव्हा ती सांगते की फुले जन आरोग्य योजनेत कोणता भाग बसतो आणि कोणता नाही, हे आरोग्यमित्राकडून भरती व्हायच्या आधीच स्पष्ट करून घे. रेल्वेने जायचं झालं तर उपचारासाठी निघालेल्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं भाडं लागत नाही, तो फॉर्म हॉस्पिटल देतं.

ती हेही सांगते की तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं. रेडिएशन घ्यायचं असेल तर कधी कधी पुनर्रचना पुढे ढकलतात. सिलिकॉनचं इम्प्लांट तर किरणांनी जास्त त्रास देतं. थांबणं म्हणजे नकार नव्हे. वर्षा-दोन वर्षांनीही करता येतं.

तुमचं ऑपरेशन चार-पाच तास चालतं. जाग येते तेव्हा घसा कोरडा, पाठ ओढलेली, आणि सिस्टर टॉर्च घेऊन वाकलेली. नव्या कातडीवर ती बोट दाबते, सोडते, पांढरा ठिपका पुन्हा गुलाबी होताना बघते. फिकट पडली तर रक्त पोचत नाही, जांभळी पडली तर परत जात नाही. तासाभराने ती पुन्हा येते, मग पुन्हा. पुण्यातला तो विटांवाला माणूसही असंच बघत बसला असेल.

नळ्या तीन. प्रत्येकीच्या टोकाला डबी, त्यात लालसर पाणी. रोज सकाळी मोजून वहीत लिहायचं. घरी जाताना एक नळी सोबत येते, पाठीची, कारण तिथे पाणी जास्त दिवस साचतं. तुम्ही ती कापूस वेचायच्या ओटीसारखं फडकं कमरेला बांधून त्यात ठेवता. सासूबाईंना हे पटतं; बाकी सगळ्याकडे त्या घाबरून बघतात, पण ओटी नीट बांधून देतात. दिवसाचं पाणी तीस मिलिलिटरच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात.

मग अशा गोष्टी सुरू होतात ज्यांनी तुम्ही दचकला असता, दारव्ह्याहून आधीच सांगणं आलं नसतं तर. नव्या छातीवर पाणी पडतं आणि ते पाठीवर जाणवतं. त्या नसांना जागा बदलल्याचं अजून समजलेलं नाही. दार ओढायला हात मागे घेतला की छाती टुणकन उडते, कारण आतला स्नायू पाठीचाच आहे आणि आपलं जुनं काम करतो. काही काळाने दोन्ही कमी होतं. कातडी मात्र बधीर राहते. पुसाच्या थंडीत शेकोटीला बसलात तर डावी बाजू आगीकडे करू नका, गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको. भाजलेलं कळणार नाही.

आरशाचं तिने वेगळं सांगितलं होतं: "पह्यल्यांदा एकटी पाहू नोको." तुम्ही बहिणीला बोलावता. ती रडते, तुम्ही नाही. पाठीवरची लांब रेघ, समोर दोन रंगांची कातडी, टोक नसलेला उंचवटा. हे जुनं स्तन नाही. जुनं परत मिळतं असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर हा क्षण फार वाईट जातो. पण ब्लाऊज दोन्हीकडून भरतं, पदर सरकला की हात झटकन छातीवर जात नाही. तुम्हाला तेवढंच हवं होतं.

सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे नळाची घागर नाही, कापसाचं गाठोडंही नाही. वेचणीला जायची घाई तर नकोच. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, आणि वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं किती ओरखडतात हे तुम्हाला माहीत आहे. ओरखड्यातून जंतू गेला की हात सुजतो आणि मग सहज उतरत नाही. पुढच्या हंगामाला हातमोजे घालून जा, हसणारे हसतील.

मार्चमध्ये सिस्टर तुमचा नंबर मागते. वणीकडची एक बाई आहे, चाळिशीची. तुम्ही तिला घरी बोलावता, दार लावता, दाखवता. ती बराच वेळ बघते. पाठीची रेघ तिला आवडत नाही. तिला दोन एकर आहे, विहिरीवरून पाणी ओढावं लागतं, पाठीचा स्नायू ती देणार नाही. "मी सपाटच राहीन," म्हणते. तुम्ही तिला पटवायला जात नाही. मुंबईत सूती धाग्याने विणलेली हलकी स्तनं बायांना फुकट मिळतात हे तिला सांगता, कुठे लिहायचं तो पत्ता देता. मग तिला भिंतीपाशी उभी करता, पावलं भिंतीपासून वीतभर, आणि बोटांनी वर कसं चढायचं ते दाखवता. हा व्यायाम तिलाही करावाच लागणार आहे. श्वास धरायचा नाही, आणि जिथवर बोटं पोचली तिथे रोज कोळशाने खूण करायची.