घाट, बोगदे आणि काजवे

वसंतात भरणाऱ्या व्याख्यानमालेस काजव्यांचा विषय काहीसा अवेळीच म्हणावा लागेल. कारण काजवा हा वळवाच्या सरींनंतरचा पाहुणा. तथापि ज्यांना मृगाच्या सुमारास राजमाचीस जावयाचे असेल, त्यांनी बेत ठरविण्याची वेळ हीच. मागे आम्ही मालाडची दहा-बारा मंडळी तेथे जाऊन आलो. काजवे पाहावयास निघालो होतो, पण वाटेत भेटला तो घाटाचा इतिहास.

दादरला गाडी बदलून आम्ही कर्जतला पोहोचलो. तेथे घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात. तो धक्का बसताच मुले खिडकीशी धावली, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही उठलो. पुढे बोगद्यामागून बोगदा. डब्यात एकदम काळोख, मुलांची आरोळी, की पुन्हा हिरवी दरी.

हे बोगदे कोणी खोदले? बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ च्या एप्रिलमध्ये पहिली गाडी घाट चढली. सुमारे १५ मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि कातळ आपल्या सह्याद्रीचा! दोराने कड्यावरून खाली सोडलेली माणसे पहारीने भोके पाडीत व त्यांत सुरुंगाची दारू ठाशीत. १८६१ साली या कामावर ४२ हजार मजूर होते. मजुरीच्या तक्रारीवरून १८५९ च्या जानेवारीत दंगा झाला, आणि त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. तेव्हा त्याची विधवा अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतले व इंजिनियर नेमून काम तडीस नेले. मुख्य इंजिनियर बर्कले याने मार्ग आखला. पण गाडी सुरू होण्याच्या आदल्या वर्षी तोही वारला. ही नावे इतिहासात राहिली. पटकीने आणि कड्यावरून पडून जे मजूर मेले, त्यांतील एकाचेही नाव आम्हांस सांगता येणार नाही. आम्ही मालाडकरांनी याचे फार नवल मानू नये. आमच्या खाणींतला पिवळसर दगड मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत बसला आहे. तो फोडणाऱ्यांची नावे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहेत?

खंडाळ्याखाली पूर्वी गाडीचे तोंड फिरवावे लागे. त्यासाठी एक खास स्थानक होते. १९२९ साली नवा मार्ग निघाला आणि ते बंद पडले. रेल्वे सोडून गेलेल्या जागेचे पुढे काय होते, याचा एक नमुना दूर ऑस्ट्रेलियात आहे. न्यू साउथ वेल्समधील न्यूनेस येथे दगडातून तेल काढण्याचा कारखाना होता. त्यासाठी १९०७ साली रेल्वे आली व १९३२ साली बंद पडली. तिचा सुमारे ४०० मीटरांचा वळणदार बोगदा तसाच राहिला. वळणामुळे मध्यभागी उजेड पोचत नाही आणि भिंती ओलसर असतात. तेथे चिलटासारख्या एका माशीच्या अळ्यांनी वस्ती केली. त्या चिकट धागे खाली सोडतात आणि निळसर प्रकाश दाखवून भक्ष्य ओढतात. विजेरीचा झोत पडला की मंदावतात.

आपला काजवा निराळा. तो भुंग्याच्या कुळातला, आणि बोगद्यात नव्हे तर झाडावर व गवतात राहणारा. त्याची अळी गोगलगाई खाते. त्याचा प्रकाश भक्ष्यासाठी नसून जोडीदारासाठी असतो. पण अंधाराची आणि ओलाव्याची गरज दोघांनाही आहे.

लोणावळ्याहून चालत आम्ही संध्याकाळी उधेवाडीस पोहोचलो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले ढगात गेले होते. जेवणे होईपर्यंत काही दिसेना. मग एका झाडावर दहा-वीस ठिणग्या, आणि पाहता पाहता सारे झाड एकदम उजळावे व एकदम विझावे! आमच्यातील एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "लहानपणी आमच्या कुरारला असे दिसत." नंतर बराच वेळ ते बोलले नाहीत.

तेवढ्यात दुसरी एक मंडळी मोटारीने आली. दिवे चालू, गाणी चालू. ते झाड काळे पडले. रागावावे तर आमच्याही हातांत विजेऱ्या होत्याच. आणि आमच्यातील एका मुलाने बाटलीत पाच-सहा काजवे भरले होते. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो त्या आजी म्हणाल्या, "बाळा, सोड त्यांना. त्यांची लगीनसराई चाललीय."

मुलाने बूच काढले. दोन उडाले, बाकीचे बाटलीच्या तळाशीच राहिले, म्हणून त्याने ती गवतात आडवी ठेवली. आम्ही विजेऱ्या विझवून ओट्यावर बसलो. मोटारीचे दिवे केव्हा बंद होतात याची वाट पाहत होतो, तोच दरीपलीकडून घाट चढणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली.